बंदी भाषेवर नव्हती, लिपीवर होती

लिथुआनियाच्या पुस्तक-तस्करांची, म्हणजे 'क्निग्नेशाय'ची गोष्ट सहसा अशी सांगतात: लिथुआनिया रशियाच्या ताब्यात असताना झारने भाषेवर बंदी घातली आणि शूर तरुणांनी सीमेपलीकडून वर्तमानपत्रं चोरून आणून देश जागवला. ऐकायला छान आहे, पण निम्मीच खरी.

रशियन सत्तेविरुद्धचा 1863 चा उठाव चिरडल्यावर रशियाने 1864 पासून बंद केली ती रोमन लिपीतली लिथुआनियन छपाई. सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीत, खुशाल छापा! सरकारने तशी पुस्तकं स्वतः काढलीही. हिशेब असा, की लिपी बदलली तर पोलंडशी आणि कॅथलिक चर्चशी असलेली नाळ तुटेल. नेमकं इथेच गणित फसलं. शेतकऱ्याच्या घरात पुस्तक म्हणजे प्रार्थनापुस्तक, आणि सिरिलिकमधलं प्रार्थनापुस्तक म्हणजे त्याच्या लेखी रशियन ऑर्थोडॉक्स धर्माचं आमिष. त्याने ते हातातच घेतलं नाही.

म्हणून या तस्करीचा पाया घातला तो एका बिशपने. मोतिएयुस वालान्चुस यांनी प्रशियात, म्हणजे सीमेपलीकडच्या जर्मन मुलखात, पुस्तकं छापून घेतली आणि पाद्र्यांमार्फत ती आत आणायची सोय लावली. ते जाळं 1870 च्या सुमारास पकडलं गेलं, काही पाद्री हद्दपार झाले, पण वाट पडली होती. बऱ्याच पुस्तकांवर 1864 च्या आधीचं साल आणि व्हिल्नियसचा छापखाना असं खोटंच छापत, म्हणजे झडतीत 'जुनं आहे' म्हणता यावं.

सीमेवर पहारा एकामागे एक अशा तीन रांगांत. पहिली चुकवली तरी काम संपत नसे. त्यामुळे माल रात्री, शक्यतो खराब हवेत हलवायचा, जवळच्या ओळखीच्या घरी टाकायचा आणि पुढच्या माणसाने उचलायचा. लाच चालायची. धंदा म्हणून करणारेही होते. त्याने कुणाचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. पकडलं तर पुस्तकं जाळली जात आणि माणूस तुरुंगात किंवा सैबेरियात. युर्गिस ब्येलिनिस यांनी हे तीसेक वर्षं केलं. 16 मार्च हा त्यांचा जन्मदिवस तिथे पुस्तकवाहक दिन म्हणून पाळतात.

'औश्रा' मासिक आलं 1883 मध्ये, म्हणजे बंदीला जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर. डॉक्टर योनास बासानाविचुस यांनी ते प्रशियातल्या राग्निटमध्ये सुरू केलं आणि 1886 मध्ये ते बंदही पडलं. कवी विन्त्सास कुदिर्कांचं 'वार्पस' मासिक 1889 चं. आजचं राष्ट्रगीत 1898 मध्ये त्यातच छापलं गेलं. या मासिकांना तयार रस्ता मिळाला तो प्रार्थनापुस्तकांनी पाडलेला.

आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी बाब: ही बंदी रीतसर कायदा कधी नव्हतीच, सगळा कारभार प्रशासकीय हुकमांवर. अंतानस मात्सियाउस्कस या इंजिनिअरने रोमन लिपीतला नकाशा छापला, तो जप्त झाला, तर हा गृहस्थ थेट कोर्टात गेला. सेंट पीटर्सबर्गच्या सिनेटने, म्हणजे रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल त्याच्या बाजूने दिला. मे 1904 मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, सरकारने बंदी उठवली. त्याच डिसेंबरात व्हिल्नियसमध्ये पेत्रस विलेइशिस यांनी लिथुआनियन दैनिक काढलं, उघडपणे आणि रोमन अक्षरांत.