एल्डरबेरीचा कच्चा रस पाजायला निघालेल्यांनो, जरा थांबा

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर सध्या एक 'अमेरिकन काढा' फिरतोय. एल्डरबेरी, म्हणजे इथली एक रानटी काळीजांभळी बारीक फळं, पानादेठांसकट मिक्सरमधून काढा, रस कच्चाच प्या कारण शिजवलं की सत्त्व जातं, मध घालून बरणीत भरा म्हणजे वर्षभर फडताळात टिकतो, तान्ह्या बाळालाही चमचाभर चाटवा, फ्लू फिरकणार नाही. वहिनीने तो वाचून ओढ्याकाठचे घोस तोडूनसुद्धा आणले. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे.

कच्चा रस? 1983 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीत एका मेळाव्यात नेमका असाच रस काढला होता. रानातली फळं पानाफांद्यांसकट पिळली, त्यात सफरचंदाचा रस, पाणी आणि साखर. प्यायल्यावर पंधरा मिनिटांत उलट्या सुरू. आठ जणांना हवाईमार्गे इस्पितळात हलवावं लागलं. पाच ग्लास रिचवलेल्याला तर ग्लानी आली. सगळे वाचले, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, 1984 साली हे आपल्या साप्ताहिकात छापलं. या झाडाच्या पानादेठांत आणि हिरव्या फळांत पोटात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. म्हणून जेवणाच्या काट्याने फक्त पिकलेली काळीजांभळी फळं देठावरून सोडवून घ्यायची, पाण्यावर तरंगणारी हिरवी फळं आणि काड्या काढून टाकायच्या, चांगली पंधरा-वीस मिनिटं उकळायची, गाळायची आणि बियांचा चोथा सरळ कचऱ्यात. घोस छत्रीसारखा चपटा हवा. लांब लोंबता घोस आणि लालजांभळा देठ दिसला तर ते पोकवीड नावाचं वेगळंच झाड, तेही विषारीच.

फडताळातली बरणी तर विसराच. हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेणं विष बनवणारे, जंतू वाढू नयेत म्हणून पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आंबट) 4.6 किंवा त्याखाली लागतो. एल्डरबेरी चवीला आंबटसर लागली तरी तिचा पीएच बरेचदा त्याच्या वर असतो, आणि चमचा-दोन चमचे मधाने तो खाली येत नाही. त्या विषाला वास येईलच असंही नाही. उकळलेला रस फ्रिजमध्ये, आठवड्यात संपवायचा. जास्त असेल तर फ्रीझर. फळं कच्ची गोठवली तरी चालतात, खाताना शिजवली म्हणजे झालं.

बाळाला मध वर्षाच्या आत नाही. उकळलेलाही नाही, मधात याच बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते साध्या उकळीने मरत नाहीत.

राहिला फ्लू. आजार थोडा लवकर आटोपतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, तेवढं मान्य. पण 'फिरकणार नाही' हे त्या चाचण्यांत कुठेच नाही. फ्लूची लस फार्मसीत मिळते.