‘गाईचे दूध बंद, बदामाचे सुरू’ या सल्ल्यात काय सुटते?

एक वर्षावरच्या बाळाचे गाईचे दूध ताबडतोब आणि कायमचे बंद करावे, त्याऐवजी घरी काढलेले बदामाचे दूध द्यावे, म्हणजे सर्दी, कफ, अंगाची खाज आणि बद्धकोष्ठता ही सारी दुखणी पंधरा दिवसांत जातील, अशा आशयाचा मजकूर सध्या पालकांमध्ये हातोहात फिरत आहे. बहुतेक मुलांना दुधातले लॅक्टोज पचतच नाही, शंका असल्यास रक्ताची ‘आयजीजी’ चाचणी करून घ्यावी, फारच वाटले तर शेळीचे दूध द्यावे, आणि तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम असल्याने त्याची चिंता करू नये, असेही त्यात म्हटले आहे. दुसऱ्या प्राण्याचे दूध पिणारा माणूस हा एकमेव प्राणी आहे, हे वाक्य शेवटी येते.

आमच्या मुलीला गाईच्या दुधाची ॲलर्जी होती. सातव्या महिन्यापासून चौथा वाढदिवस उलटेपर्यंत आम्ही तिला दुधाचा थेंबही न देता वाढवले आणि ती चांगली वाढली. त्यामुळे दुधावाचून मूल वाढतच नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हा मजकूर दूध कसे थांबवायचे तेवढेच सांगतो. दूध थांबल्यावर बाळाच्या आहारात जी पोकळी पडते ती कशाने भरायची, याबद्दल त्यात जे लिहिले आहे ते चुकीचे आहे आणि काही ठिकाणी घातक आहे.

शेवटचे वाक्य आधी बाजूला ठेवतो. इतर प्राणी अन्न शिजवतही नाहीत आणि धान्य पेरतही नाहीत. ते काय करत नाहीत यावरून दोन वर्षांच्या मुलाला काय मानवेल हे ठरत नाही.

लॅक्टोजचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, आणि आईच्या १०० मिलिलिटर दुधात ती सुमारे ७ ग्रॅम असते, तर गाईच्या दुधात ५ ग्रॅमपेक्षाही थोडी कमी. ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर जन्मतःच नसणे अत्यंत दुर्मीळ आहे आणि तसे असल्यास जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ते कळते. जगातल्या अनेक माणसांमध्ये हे विकर वयानुसार कमी होते हे खरे, पण ते सहसा बालपणाची पहिली काही वर्षे सरल्यानंतर. जोरदार जुलाबानंतर काही लहान मुलांना थोडा काळ लॅक्टोज पचत नाही. आतड्याचे अस्तर भरून आले की ते पुन्हा पचू लागते. ॲलर्जीचा या साखरेशी काहीही संबंध नाही. ती दुधातल्या केसीन आणि व्हे या प्रथिनांची असते, आणि तीत शरीराची प्रतिकारयंत्रणा भाग घेते. हा भेद केवळ शब्दांचा नाही: ज्या मुलाला खरोखर ॲलर्जी आहे त्याला कोणी ‘लॅक्टोजमुक्त’ दूध दिले, तर त्यातली सगळी प्रथिने जशीच्या तशी असल्याने ते मूल गंभीर आजारी पडू शकते.

सर्दी आणि कफाबद्दल थोडक्यात सांगता येईल. या वयातल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य असते, आणि प्रत्येक सर्दी आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरी होते. त्यामुळे तेवढ्या काळात जे काही बंद केले असेल त्याला श्रेय मिळते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ६० प्रौढ स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांचा स्राव मोजण्यात आला होता, आणि दूध अधिक पिणाऱ्यांमध्ये तो अधिक आढळला नाही. दूध लाळेत मिसळून घशाला क्षणभर दाट लागते, त्यालाच लोक कफ समजतात.

बद्धकोष्ठतेबाबत या मजकुरात सत्याचा अंश आहे आणि तो मान्य करायला हवा. १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, औषधांनीही बरी न होणारी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या ६५ लहान मुलांपैकी ४४ मुलांना गाईचे दूध थांबवून सोयाचे दूध दिल्यावर आराम पडला. परंतु ही निवडक, हट्टी दुखण्याची मुले होती. कधीमधी कडक शौच होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा निष्कर्ष लागू होत नाही. दुसरे असे की, दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाचे पोट दुधानेच भरते, जेवण सुटते, लोह कमी पडून रक्तक्षय होतो आणि शौचही कडक होते. अशा मुलाचे दूध कमी करणे योग्यच आहे, पण कमी करणे म्हणजे बंद करणे नव्हे.

खाजेचेही काहीसे असेच आहे. तान्हेपणीच सुरू झालेले आणि मलमांना दाद न देणारे तीव्र इसब काही मुलांमध्ये दुधाशी निगडित असते. पण इसब असलेल्या, आजवर दूध विनातक्रार पिणाऱ्या मुलाचे दूध अंदाजाने महिनोन्‌महिने तोडले, तर शरीराची दुधाची सवय मोडू शकते, आणि नंतर कधी चुकून दूध पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास अडखळणे अशी तत्काळ ॲलर्जी उद्भवू शकते. काही मुलांमध्ये हे प्रत्यक्षात घडलेले आहे. म्हणून निदानाआधी उपचार सुरू करू नयेत.

निदानासाठी सुचवलेली ‘आयजीजी’ चाचणी तर निरुपयोगीच आहे. ‘आयजीजी’ हा प्रतिपिंडांचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या प्रथिनांचा, एक प्रकार आहे; आपण जे खातो त्याविरुद्ध ही प्रतिपिंडे शरीरात तयार होतच असतात, आणि ती खाण्याची खूण असते, आजाराची नव्हे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच ही चाचणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी वापरू नये असे स्पष्ट केले आहे. दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत लक्षणे दिसत असतील, तर डॉक्टर त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा ‘आयजीई’ या तत्काळ ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी करतात. लक्षणे काही तासांनी वा दिवसांनी येत असतील, तर त्यासाठी कोणतीच रक्तचाचणी नाही. दोन ते चार आठवडे दूध पूर्ण थांबवायचे, फरक पडतो का ते पाहायचे आणि मग दूध पुन्हा सुरू करून लक्षणे परततात का ते तपासायचे, हीच रीत आहे. यातली शेवटची पायरी बहुतेक पालक गाळतात, आणि ते मला समजते, कारण शांत झोपू लागलेल्या बाळाला पुन्हा तेच देण्याचे धाडस होत नाही. पण त्या पायरीविना निदान पुरे होत नाही.

शेळीच्या दुधाचा सल्ला ॲलर्जीच्या मुलासाठी सरळ धोकादायक आहे. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या दुधातली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना शेळीचे दूधही सोसत नाही. शिवाय त्यात फोलेट फारच कमी असते.

आता बदामाचे दूध. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने, १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० हून अधिक किलोकॅलरी असतात. बदामाच्या बिनसाखरेच्या पेयात प्रथिने जेमतेम अर्धा ग्रॅम आणि उष्मांक १५ ते २५ किलोकॅलरी. ४०० मिलिलिटर दूध पिणाऱ्या मुलाला त्यातूनच १३ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे या वयाची जवळजवळ दिवसभराची गरज. तेवढ्याच बदामाच्या पेयातून दोन ग्रॅम मिळतात. पेला तोच, रंगही तोच, म्हणून ही तूट आईवडिलांच्या नजरेला दिसत नाही. घरी काढलेल्या पेयात तर कॅल्शियम, आयोडीन किंवा जीवनसत्त्वे मिसळलेलीही नसतात. ओटच्या पेयात प्रथिने साधारण एक ग्रॅम असतात, तांदळाच्या व नारळाच्या पेयात त्याहून कमी. तांदळाच्या पेयात आर्सेनिकही येते, म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नये अशी अधिकृत सूचना आहे. २००१ साली अमेरिकेतील ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात दोन मुलांच्या कहाण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. तांदळाच्या पेयावर वाढलेल्या २२ महिन्यांच्या मुलाला क्वाशिओरकोर, म्हणजे प्रथिनांच्या अभावाचे तीव्र कुपोषण झाले होते, आणि कसलीही भर न घातलेले सोयाचे पेय पिणाऱ्या १७ महिन्यांच्या मुलाला मुडदूस. त्या घरांत अन्नाची टंचाई नव्हती. आपण अधिक चांगले काही देत आहोत याच समजुतीने ते दिले गेले होते.

वर्षावरच्या मुलासाठी प्रथिनांच्या दृष्टीने दुधाच्या जवळ जाणारे वनस्पतिजन्य पेय एकच, ते सोयाचे. तेही बिनसाखरेचे आणि कॅल्शियम, ड व ब-१२ जीवनसत्त्वे आणि शक्य तर आयोडीन घातलेले असावे. ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेयांत अशी भर नसते. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून दर वेळी खोका हलवावा लागतो, ही बारीक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली किंवा निव्वळ अमिनो आम्लांची दूधभुकटी लिहून देतात. आईचे दूध चालू असेल तर ते वर्षानंतरही चालू ठेवावे. आणि एक वर्षाखालील बाळाला यातले कोणतेही वनस्पतिजन्य पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये.

तिळाचा आठपटीचा आकडा खरा आहे, पण तो १०० ग्रॅमला १०० ग्रॅम लावून काढलेला आहे. लहान चमचाभर तीळ म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, त्यातून ३० मिलिग्रॅम कॅल्शियम. ४०० मिलिलिटर दुधाची बरोबरी करायला असे सोळा चमचे लागतील. शिवाय हे कॅल्शियम बहुतांशी सालीत, शोषण अडवणाऱ्या ऑक्झलेट या घटकाशी बांधलेले असते, सोललेल्या तिळात ते कितीतरी कमी भरते, आणि अख्खे तीळ मुलाच्या पोटातून न पचताच बाहेर पडतात. पालकाच्या भाजीचेही तसेच: त्यातले कॅल्शियम जेमतेम पाच टक्के शोषले जाते, दुधातले सुमारे तीस टक्के. या वयाची दिवसाची गरज निरनिराळ्या देशांत ३५० ते ७०० मिलिग्रॅम धरतात. ती भर घातलेले सोयाचे पेय, कॅल्शियमच्या क्षाराने गोठवलेला टोफू, ब्रोकोली आणि मऊ काट्यांसकट खाता येणारे लहान मासे यांतून भागू शकते. न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध द्यावे. अंडी, मासे, मांसही न खाणाऱ्या मुलाला ब-१२ बाहेरून द्यावेच लागते. तेलाचा आणि दाण्यांच्या बारीक पेस्टचा हात सैल ठेवावा, कारण पोट लहान आणि दुधातली चरबी गेलेली असते. अख्खे दाणे मात्र देऊ नयेत, ते घशात अडकतात.

राहता राहिला ‘कायमचे’ हा शब्द. दुधाची ॲलर्जी असलेली बहुसंख्य मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तिच्यातून बाहेर पडतात, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी करायची असते. भट्टीत दीर्घकाळ भाजलेल्या पदार्थातले दूध अनेक मुलांना साध्या दुधाच्या आधी चालू लागते, आणि पुनःप्रवेशाची सुरुवात बहुधा तिथून होते. ज्यांना पूर्वी तत्काळ प्रतिक्रिया आली आहे त्यांच्यासाठी हे घरी करायचे काम नाही. दूध घातलेला छोटा केक थोडा थोडा खाऊ घालण्याची आमच्या मुलीची पहिली चाचणी ती अडीच वर्षांची असताना रुग्णालयात झाली आणि तोंडाभोवती गांधी उठल्याने दुसऱ्याच घासाला थांबवावी लागली. दुसरी दीड वर्षानंतर झाली, आणि त्या दिवशी तिने तो छोटा केक पूर्ण संपवला.