ब्रश कापून बारीक होत नाही हो, बोथट होतो

"स्वस्तातला ब्रश घ्या, ब्लेडने कापून तीनचार केस ठेवा, झाला ट्रिपल झिरो तयार!" ही टिप (ट्रिपल झिरो म्हणजे अगदी बारीक नंबरचा ब्रश) सध्या विमानं-रणगाड्यांची छोटी मॉडेल्स बनवणाऱ्या पोरांमध्ये जोरात फिरतेय, मलाच चार जणांनी पाठवली. अप्पा बळवंत चौकातून आणलेले सहा ब्रश मी असेच कापून वाया घालवलेत, म्हणून बोलतो.

पहिलं, टोक कापणं. चांगल्या ब्रशमधला प्रत्येक केस मुळातच टोकाला निमुळता असतो, सिंथेटिकमध्ये तो मुद्दाम तसा बनवतात. ते टोकच उडवलंत की खाली राहतो खुंट, आणि खुंटाने रेघ येत नाही, चपटा ठिपका येतो.

दुसरं, 'केस कमी तितकी रेघ बारीक'. इथेच खरी गोची आहे. रेघ टोकाने येते पण रंग मावतो ब्रशच्या पोटात, आणि तीन केसांना पोट कुठलं? एप्रिलमध्ये १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ लढाऊ विमान करत होतो. कॉकपिटमधलं खरं ८ सेंमीचं गोल काट्याचं मीटर या स्केलला जेमतेम १.१ मिमी. कापलेल्या ब्रशवर अ‍ॅक्रिलिक घेतला तर पॅलेटवरून कॉकपिटपर्यंत हात नेईस्तोवर टोकावर रंग वाळून कडक, पुण्यातला उन्हाळा, त्यात डोक्यावर पंखा. पंखा बंद केला तर घाम थेट कॉकपिटमध्ये! शेवटी १ नंबरचा, म्हणजे ट्रिपल झिरोपेक्षा जाडा, सेबल (त्या प्राण्याच्या केसांचा ब्रश) काढला, रंगात थेंबभर पाणी घातलं, आणि नुसत्या टोकाने सगळी मीटरं एका बैठकीत झाली.

तिसरं, 'फेविक्विकने टोक कडक करा'. अरे मग टाचणीच घ्या की! ठिपक्यांना ती खरंच बरी पडते.

आणि कोणीतरी खाली 'मुंगसाचा ब्रश आणून कापा' असंही जोडलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, तिकडे फिरकूच नका.

आता ब्रशला ब्लेड लावायचंच नाही असं नाही. ओला करून टोक जुळवा, बाहेर फाकलेला एखादाच केस पत्र्याच्या नळीपाशी, मुळातून, नव्या ब्लेडने काढा, मधल्यांना हात लावू नका. सिंथेटिकचं टोक आकड्यासारखं वळलं असेल तर कापण्याआधी गरम पाण्यात काही सेकंद बुडवून बोटांनी सरळ करून बघा, फक्त उकळतं पाणी नको, नळीतला गोंद सुटतो. पार फिसकटलेला ब्रश मात्र बिनधास्त आडवा कापा, ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, तोच लागतो.

माझ्या त्या सहातले दोन खुंट अजून आहेत, रणगाड्याच्या पट्ट्यांवर गंजाचा रंग थोपटायला एकदम झकास.