खाण सोडून जाताना

माल संपला? भाव पडला? मग खाणीला टाळं ठोकायच्या आधी खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं बटण बंद करा. उपसा थांबला की विजेचं बिल थांबतं. उरलेलं काम पाणी स्वतःच करतं, तेही मजुरी न मागता.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ब्यूट गावच्या बर्कली पिट या तांब्याच्या खाणीत मुहूर्तही छान साधला गेला : २२ एप्रिल १९८२, म्हणजे वसुंधरा दिन! तुम्हीही असाच दिवस निवडा. फाटकाशी दोन रोपं लावली तर फोटो चांगला येतो.

रसायनशास्त्राची काळजी नको. दगडात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. जमिनीखाली ते गुमान पडून होतं. तुम्ही फोडून उघड्यावर मांडलंत. आता हवा-पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल आपोआप बनतं. लोहावर जगणारे जिवाणू हा वेग कितीतरी पटींनी वाढवतात आणि त्यांची युनियनही नसते. तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक, जे असेल ते आम्लात विरघळून वाहू लागतं. आणि तुम्ही उगाच इतकी वर्षं सुरुंग लावत बसलात! खालच्या ओढ्यातला एखादा दगड उचलून पाहा. त्यावर गंजाच्या रंगाचा गुळगुळीत लेप असतो, बोटाने सहज निघतो. दगडाखाली एक किडासुद्धा सापडत नाही. केवढी ही स्वच्छता!

कोणी बोंब मारलीच, तर कानांवर हात ठेवा. १९९५ साली बर्कली पिटमध्ये साचलेल्या आम्ली तळ्यावर उतरलेले ३४२ स्नो गीज (पांढरे रानहंस) मेले, तेव्हा त्यांनी बुरशी लागलेलं धान्य खाल्लं असावं, असा खुलासा झाला होता. पाखरांनी खाण्यापिण्याचं पथ्य पाळायला नको का? पुढे बंदुकीचे बार काढून पक्षी हाकलायची सोय झाली. माणसांना हाकलत नाहीत. त्यांच्यासाठी सज्जा आहे, तिथून ते तळं तिकीट काढून बघता येतं.

मग कंपनी मोडीत काढा. मालक सापडत नसला की खाणीला 'अनाथ' म्हणतात, आणि अनाथाला सरकार सांभाळतं. ५ ऑगस्ट २०१५ ला कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग या सोडलेल्या खाणीच्या तोंडाशी सरकारी पर्यावरण खात्याचीच माणसं उकरत होती. सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी फुटून बाहेर आलं, ॲनिमस नदी पिवळीजर्द झाली. शिव्या कोणाला बसल्या? ज्याच्या हातात खोरं, त्याला.

आता मुदतीचं बघू. कॅलिफोर्नियातली आयर्न माउंटन ही खाण १९६३ पासून बंद आहे. तिथल्या पाण्याचा पीएच (जितका कमी, तितकं पाणी आम्ली; शुद्ध पाण्याचा ७) उणे ३.६ इतका खाली नोंदला गेलाय आणि पायराइट संपायला साधारण ३,००० वर्षं लागतील, असा अंदाज आहे. तोवर आम्ल मारायला चुना टाकत राहायचं. बिल कोणाच्या नावे फाडायचं, ते तेव्हाचं सरकार बघेल.

हो, जाताना फाटकाला कुलूप लावा. पाणी काही फाटकातून जात नाही, पण फायलीत कुलपाची नोंद राहते.