गरम पाण्याचा बर्फ आणि ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा तीत मुद्दा कुठे आहे ते शोधत.

इतरांसाठी संदर्भ देतो. ‘गरम पाणी गार पाण्याच्या आधी गोठतं’ या समजुतीबद्दल (यालाच ‘एम्पेम्बा परिणाम’ म्हणतात) मी लिहिलं होतं की साध्या पाण्याच्या बाबतीत, घरच्या फ्रीजरमध्ये, असं हमखास घडतं म्हणण्याइतका पुरावा नाही. बहुतेकांचा तो भ्रम असतो. त्यावर ‘एक जुना वाचक’ अशी सही करून हे आलं:

“एम्पेम्बा परिणाम जगाने मान्य केलाय, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यावर बक्षीस दिलंय, ‘नेचर’मध्ये छापून आलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नव्हे तीनदा, गरम पाण्याचा ट्रे आधी गोठला. पण तुमच्यासारख्या पुस्तकी किड्यांना सामान्य माणसाचा अनुभव दिसतच नाही. म्हणे भ्रम!”

‘भ्रम’ हा शब्द जरा जास्त झाला, हे मान्य. ट्रे तुमच्यासमोर गोठला, त्यात भ्रम कसला? ‘अपुरा पुरावा’ म्हटलं असतं तर भागलं असतं. झालं समाधान?

आता ‘पुस्तकी किडा’. शीतगृहांतल्या तापमान-सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर आकडा दाखवतात का ते ताडून पाहणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. उणे अठराच्या खोलीत स्वेटर-कानटोपी घालून, एका हातात प्रमाणित तापमापक आणि दुसऱ्या हातात वही धरून उभं राहणाऱ्याला पुस्तकी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण मग तापमान मोजण्याबद्दल मला दोन गोष्टी जास्त कळत असतील, एवढी शक्यता तरी गृहीत धरा. मतभेद मला चालतात, हेटाळणी चालत नाही. नाव न लिहिता केलेली तर अजिबात नाही.

आणि ‘सामान्य माणसाचा अनुभव’ मला दिसत नाही म्हणता, तर ज्याचं नाव तुम्ही घेतलंत त्याचीच गोष्ट नीट बघा की. एरास्टो एम्पेम्बा हा टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, मगांबा माध्यमिक शाळेतला मुलगा. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून त्याने उकळलेलं साखर घातलेलं दूध गार न करताच आत ठेवलं आणि ते आधी गोठलं. शिक्षकांनी त्याची टर उडवली. पुढे इरिंगाच्या शाळेत असताना दार-ए-सलामहून आलेल्या डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांना त्याने भर सभेत तोच प्रश्न विचारला. ऑस्बोर्ननी काय केलं? ‘मुलगा म्हणतोय म्हणजे खरं’ म्हणाले नाहीत आणि ‘मुलगा आहे, सोडून द्या’ असंही म्हणाले नाहीत. परत जाऊन आपल्या प्रयोगशाळेत प्रयोग करवून घेतला. शंभर मिलीलीटरच्या बीकरमध्ये सत्तर मिलीलीटर पाणी, बीकरखाली पॉलिस्टायरीन फोमचा तुकडा, प्रत्येक वेळी सुरुवातीचं तापमान वेगळं. दोघांचा लेख १९६९ साली छापून आला. त्यातली एक गंमत तुमच्यासारख्या अनुभववाद्यांना आवडेल. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने कळवलं की गरम पाणी खरंच आधी गोठलं, पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू! पुराव्याची वाट लावायची ही एक रीत. मनासारखं उत्तर येताच थांबायचं, ही दुसरी. ‘एकदा नव्हे तीनदा’मध्ये मला दुसरीचा वास येतो. तुम्ही तिसऱ्या वेळी का थांबलात, ते लिहिलेलं नाही.

तर ते तुमचं वाक्य. ‘गरम पाण्याचा ट्रे आधी गोठला.’

गोठला म्हणजे काय झालं? वर पापुद्रा धरला, की कडेने बर्फ आला, की ट्रे उलटा करून आपटल्यावर खडे सुटले? या तिन्हींमध्ये सहज तासाभराचा फरक पडतो आणि तिन्हींमध्ये पहिला नंबर वेगवेगळ्या ट्रेचा येऊ शकतो. शिवाय ‘आधी’ कळलं कसं? दार उघडूनच ना? दर दहा मिनिटांनी दार उघडलंत तर प्रत्येक वेळी दमट गरम हवा आत शिरली आणि दाराजवळच्या ट्रेला त्याचा फटका जास्त बसला. एका तासाने एकदाच उघडलंत, तर कोण आधी गोठला हे तुम्ही पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलं ते एवढंच, की तासाभराने एकात बर्फ जास्त दिसत होता.

पुढचा प्रश्न ट्रेखाली काय होतं हा. एकदारी साध्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये तळाला बर्फाचा भुसभुशीत थर साचतो. त्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो उष्णता अडवून धरतो. गार पाण्याचा ट्रे त्या थरावर तसाच बसून राहतो. गरम ट्रे थर वितळवून खाली बसतो, वितळलेलं पाणी पुन्हा गोठून ट्रेला थेट गार पत्र्याशी जखडून टाकतं आणि तिथून त्याची उष्णता भराभर ओढली जाते. ट्रे काढताना तळाशी चिकटला होता का, सुरीने उचकटावा लागला का, ते आठवा. तसं असेल तर तुम्ही पाण्याची नव्हे, फ्रीजरच्या पत्र्याची परीक्षा घेतलीत. ऑस्बोर्ननी बीकरखाली फोम घातला तो याच कारणासाठी.

आता उष्णतेचा हिशेब. हाच भाग ‘पुस्तकी’ म्हणून टाळता येत नाही. शंभर ग्रॅम पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १०.५ किलोज्यूल काढावे लागतात, त्याचा बर्फ करायला आणखी ३३.४, एकूण ४४. तेच पाणी ८० अंशांवर असेल तर शून्यापर्यंतच ३३.४ लागतात आणि एकूण जातं ६७ वर. म्हणजे गरम पाण्याला सुमारे दीडपट काम. हा खड्डा भरून काढायचा सरळ मार्ग एकच, वाफ. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २.३ किलोज्यूल घेऊन जातं. उघड्या, उथळ ट्रेमधून दहा ग्रॅम उडालं तर २३ किलोज्यूल गेले, शिवाय त्या दहा ग्रॅमचा बर्फ करायचे ३.३ वाचले, उरले ४१. गरम ट्रे बरोबरीत आला, किंचित पुढेच गेला! पण मग आधी गोठलं ते नव्वद ग्रॅम आणि मागे राहिलं ते शंभर, यात नवल कसलं? तुम्ही गोठल्यावर ट्रे काट्यावर ठेवलेत का? एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरला असता.

वाफ आणि पत्रा दोन्ही बाजूला काढले तरी अतिशीतन उरतं. पाणी शून्याला पोहोचलं की लगेच बर्फ होतो असं नाही. उणे पाच, कधी उणे सात-आठपर्यंत ते पाणीच राहतं आणि मग एखाद्या धूलिकणाभोवती किंवा भांड्याच्या ओरखड्याशी बर्फाची सुरुवात होते. सेन्सर आत असेल तर हे लख्ख दिसतं: आकडा उणे सहापर्यंत निवांत उतरत जातो आणि काही क्षणांत शून्यावर उडी मारतो, कारण तयार होणारा बर्फ उष्णता सोडतो. त्या झटक्यात साधारण साडेसात टक्के पाण्याचाच बर्फ होतो, बाकीचं पाणी नंतर सावकाश. एक ट्रे उणे दोनला सुरू झाला आणि दुसरा उणे सातला, तर पहिला ‘आधी गोठला’ असंच दिसणार, मग तो सुरुवातीला गरम असो वा गार. अमेरिकेतल्या जेम्स ब्राउनरिज यांनी २०११ साली नेमकं हेच दाखवलं: गार पाणी जास्त खोल अतिशीत झालं तरच गरम पाणी बाजी मारतं. कुठल्या भांड्यात सुरुवात किती अंशांवर होईल हे भांडं पाहून सांगता येत नाही.

आता ‘तीनदा’. नाणं तीनदा उडवलं तर तिन्ही वेळा छापा पडण्याची शक्यता आठात एक. फारच मोठी. दहा जोड्यांमध्ये दहाही वेळा गरम ट्रे जिंकला तर ती १०२४ मध्ये एक. नऊ किंवा जास्त वेळा जिंकला तर जेमतेम एक टक्का. आठ किंवा जास्त म्हटलं की लगेच साडेपाच टक्क्यांवर. पण हे गणितसुद्धा डावा-उजवा ट्रे नाणं उडवून ठरवला असेल तरच लागू. गरम ट्रे दर वेळी मागच्या भिंतीलाच लावलात (हात भाजू नये म्हणून पटकन आत सरकवतात सगळे) तर तीन काय, तीनशे वेळा केलंत तरी ती एकच चूक तीनशे वेळा.

मोजमाप करूनही माणूस कसा फसतो ते बघा. इंपीरियल कॉलेजचे हेन्री बरिज आणि केंब्रिजचे पॉल लिंडन यांनी २०१६ साली आधीचे प्रयोग तपासले आणि स्वतःही केले. शून्य अंशाला आधी कोण पोहोचतं, एवढाच प्रश्न ठेवला. गरम पाणी आधी पोहोचतं, असं काही त्यांना सापडलं नाही. सापडलं ते हे, की थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या सेन्सरच्या) उंचीत एक सेंटीमीटर फरक असला तरी एम्पेम्बा परिणाम ‘दिसू’ शकतो. भांड्यातलं पाणी एकसारखं गार होत नाही ना! चार अंशांपर्यंत गार पाणी तळाला जातं, त्याखाली उलट वर येतं. एकाच वाटीत वर आणि खाली दोन वेगळी उत्तरं मिळतात. शिवाय ‘के-टाइप’ या नेहमीच्या प्रकारच्या थर्मोकपलची हमीच मुळात अडीच अंश इकडेतिकडे. दोन सेन्सर एकमेकांशी ताडून न पाहता केलेली तुलना मी माझ्या कामात कुणाला सही करून देणार नाही. तुम्ही तर सेन्सरही लावला नव्हता.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं २०१२ सालचं बक्षीस होतं उत्तम स्पष्टीकरणाला. बावीस हजार स्पष्टीकरणं आली, यातच काय ते आलं. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातला २०२० सालचा प्रयोग लेझरने धरून ठेवलेल्या सूक्ष्म मण्यांचा आहे, तिथे पाण्याचा बर्फ झालेलाच नाही, शीर्षकापुढे वाचलं असतं तर कळलं असतं. ‘जगाने मान्य केलाय’ यावर काय बोलणार?

पुन्हा करून बघायचं असेल तर असं करा. एकाच पातेल्यात पाणी उकळा आणि त्यातलंच अर्धं झाकून गार होऊ द्या. नळाचं गार आणि उकळलेलं गरम अशी तुलना नको, उकळल्याने विरघळलेली हवा जाते आणि दोन पाणी वेगळी होतात. एकाच संचातल्या दोन स्टीलच्या वाट्या घ्या, प्रत्येकीत काट्यावर मोजून शंभर ग्रॅम. खाली थर्मोकोलचा तुकडा, दोन वाट्यांत तळहाताएवढं अंतर. कुठली वाटी कुठे, ते नाणं उडवून. काही फेऱ्या झाकण ठेवून, काही उघड्या. वाफेचा वाटा लगेच वेगळा दिसेल. डीएस१८बी२० जातीचे दोन जलरोधक सेन्सर पुरतात. दोन्ही आधी चुऱ्या बर्फात, फटी भरतील इतकंच पाणी घालून, ढवळत बुडवा. दोघांनी शून्याच्या अर्ध्या अंशात आकडा दाखवला नाही तर फरक लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. टोकं पाण्याच्या मध्यावर, एकाच उंचीवर, काडीला बांधून. वायर दाराच्या रबरातून बाहेर काढा आणि दार उघडूच नका. तीन वेगवेगळ्या वेळा नोंदवा: शून्याला पोहोचल्याची, उडी मारल्याची आणि पूर्ण बर्फ होऊन आकडा पुन्हा शून्याखाली उतरू लागल्याची. यातली कुठली वेळ म्हणजे ‘गोठणं’, हे पहिल्या फेरीच्या आधी वहीत लिहा, नंतर नाही. किती फेऱ्या करायच्या तेही आधीच. काढल्यावर दोन्ही वाट्या पुन्हा वजन करा.

आणि सगळ्या फेऱ्या पाठवा, उलट उत्तर आलेल्यासुद्धा. झाकणाने वाफ अडवून आणि थर्मोकोलने पत्रा तोडूनही दहापैकी नऊ वेळा गरम वाटीच शून्याला आधी पोहोचली, तर तुमचे आकडे मी इथेच छापेन, तुमच्या खऱ्या नावानिशी, ते सांगितलंत तर. तोवर तुमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे की बर्फ साचणारा जुना, तेवढं मात्र कळवा. तुमच्या त्या तीन वेळांचं निम्मं उत्तर तिथेच आहे.