हेगचा निकाल आणि काकांची दरखास्त

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. सार असं: युक्रेन पाहा, गाझा पाहा, आंतरराष्ट्रीय कायदा मेला आहे. तो कुणी पाळत नाही, हेगच्या कोर्टाकडे (नेदरलँड्समधलं संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय) पोलीस नाहीत, बडे देश त्याला विचारत नाहीत आणि भारताला त्याचा छदामाचाही फायदा नाही. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवण्यात माझी हयात गेली, म्हणून राहवलं नाही.

‘कुणी पाळत नाही.’ उन्हाळ्यात रात्री गच्चीवर पडून वर पाहा. मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-चेन्नई या हवाई वाटा नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. वरून जाणारी परदेशी विमानं 7 डिसेंबर 1944 ला शिकागोत झालेल्या कराराच्या चौकटीत उडतात. दुसरं महायुद्ध तेव्हा सुरूच होतं. एखाद्या प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं की असं विमान कधीकधी आमच्या सोनेगावच्या विमानतळावर उतरतं. संकटातल्या विमानाला मदत करायची, हेही त्याच करारात लिहिलंय. नियम मोडला की पहिल्या पानावर येतो. पाळला की लुकलुकत डोक्यावरून निघून जातो.

‘पोलीस नाहीत, निकाल म्हणजे कागद.’ इथं मात्र थोडं थांबतो. कुलभूषण जाधवांना एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारतीय वकिलातीला त्यांना भेटूही दिलं नव्हतं. भारत हेगला गेला. आमच्याच नागपूर विद्यापीठातून एलएलबी झालेले हरीश साळवे एक रुपया फी घेऊन उभे राहिले. हत्यार एकच होतं: वकिलातीसंबंधीच्या व्हिएन्ना कराराचं कलम 36, म्हणजे परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क. 18 मे 2017 ला फाशीला स्थगिती मिळाली. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल लागला: पाकिस्तानने कलम मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. जाधव घरी आलेले नाहीत, हे खरंच. पण फाशीही झालेली नाही.

मेसेज पाठवणाऱ्या काकांचा स्वतःचा प्लॉटचा दावा आहे. हुकूमनामा त्यांच्या बाजूने झाला, पेढे वाटले, आणि मग कळलं की ताबा हवा तर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्यासाठी वेगळा अर्ज, लावावी लागते. ती अजून चालू आहे. मी म्हटलं, ‘काका, कागदच आहे ना, फाडून टाकू?’ म्हणाले, ‘पागल झाला का बे?’

‘बडे देश विचारत नाहीत.’ इथं काकांचं पारडं जड आहे, उगाच कशाला नाकारू? युक्रेनवरच्या हल्ल्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तो 25 फेब्रुवारी 2022 ला रशियानेच व्हेटोने, म्हणजे नकाराधिकाराने, पाडला. आरोपीच न्यायाधीशाचं पेन धरून बसला. गाझाच्या बाबतीत अमेरिकेनेही इस्रायलसाठी व्हेटो वापरला. दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने लागलेला लवादाचा 2016 चा निवाडा चीनने मानला नाही. तरी एक गोष्ट पाहा: युक्रेनवर चाल करतानाही पुतिन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम 51 चा, स्वसंरक्षणाच्या हक्काचा, दाखला दिला. कायदा खरंच मेला असता तर खोटी पावती फाडायची गरज काय होती? हेगमध्येच दुसरं एक कोर्ट आहे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय; त्याच्या वॉरंटवरून सदस्य देशांनी आरोपीला पकडून द्यायचं असतं. त्याचं पुतिन यांच्यावर अटक वॉरंट निघाल्यावर ऑगस्ट 2023 मध्ये ते सदस्य असलेल्या दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला प्रत्यक्ष गेले नाहीत. पुढच्या वर्षी मंगोलियाला, तोही सदस्यच, गेले आणि त्यांना कुणी धरलं नाही, तेही खरं. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मात्र त्याच कोर्टाच्या वॉरंटवरून मार्च 2025 मध्ये मनिलाच्या विमानतळावरच धरलं आणि हेगला नेलं.

‘भारताला फायदा नाही.’ जाधवांचं वर आलंच. बंगालच्या उपसागरातल्या सीमेवरून बांगलादेशाने आपल्याला लवादापुढे ओढलं. 7 जुलै 2014 च्या निवाड्यात सुमारे 25,600 चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकी सुमारे 19,500 बांगलादेशाकडे गेला. ताकद आपली जास्त, तरी दिल्लीने निवाडा मान्य केला. सीमा एकदाची ठरली आणि शेजाऱ्याशी दशकांचा तंटा मिटला. ज्या न्यू मूर बेटावरून 1970 च्या दशकापासून दोन्हीकडे आरडाओरडा चालला होता, ती जागा आपल्या बाजूला आली. बेट तेवढं तोवर पाण्याखाली गेलं होतं.