पोरांची गट्टी फोडण्याचे खात्रीशीर उपाय

पालक हो, तुमच्या पोराची शाळेत भलत्याशीच गट्टी जमली असेल तर घाबरू नका. आमच्याकडे गेल्या महिन्यात असलीच केस झाली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती पंधरा दिवसांत निकालात काढली. अनुभव फुकट वाटतोय, घ्या.

आधी केस ऐका. आमची कन्या आठवीत, मराठी माध्यम, पहिला बाक. दुसरी त्याच आवारातल्या कन्नड माध्यमाची, वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. मधे एक भिंत आणि एक सामाईक टाकी. दोघी एकाच दिवशी वर्गात पेंगल्या, दोघींना बाहेर उभं केलं, तिथं ओळख झाली. पेंगल्या का, हे बेळगावकरांना सांगायला नको. आदल्या रात्री नळ येणार होता, किती वाजता ते कुणाला ठाऊक, म्हणून जागरण.

मग दोघींनी कुणाला न सांगता एक वस्तू बनवली. ९ व्होल्टची बॅटरी, एक बझर, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि दोन तारा. नळाखाली वाटी, वाटीत तारांची टोकं. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की जरासा करंट ट्रान्झिस्टरला मिळतो आणि बझर बोंबलतो. आई झोपलेली राहते, नळ आला की उठते. सर्किट आमचीनं पुस्तकातून काढलं, सोल्डरिंग तिकडचीनं केलं, कारण तिचा हात बसलेला. पहिली चाचणी फिल्टरच्या पाण्यात घेतली तर बझर नुसता कण्हला, मग चिमूटभर मीठ टाकलं. चार दिवसांत तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या, तर पेन्सिली सोलून आतली शिसं लावली. ही युक्ती कुठल्या सरांनी शिकवली नव्हती. यंत्राला नाव ठेवलं ‘नीरालं’. तिचं कन्नड नीर म्हणजे पाणी, आमचं मराठी आलं.

आता उपाय.

गुपित उघडकीला येण्याची वाट बघा, ते येतंच. आमच्याकडे जुलैच्या पावसात दप्तर भिजलं आणि ‘नीरालं’ समाजशास्त्राच्या तासाला बोंबललं.

वस्तू ताबडतोब जप्त करा.

दोन दिवसांनी ती बक्षिसाच्या लायकीची आहे असं कळलं, की प्रेमानं परत बाहेर काढा. शाळकरी पोरांच्या नव्या कल्पनांसाठी सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे, तिच्यात कल्पना निवडली गेली तर १० हजार रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात, हे कळल्यावर आमच्या सरांचा आवाज एवढा मऊ झाला की पोरी घाबरल्या. फॉर्मवर एकीचंच नाव चालेल, म्हणाले. कुणाचं ते तुम्ही पालक ठरवा. एका वाक्यात काम झालं बघा.

घरी विचारा, ‘तुला आपल्यातली कोण मिळाली नाही काय गं?’

आणि हा मुख्य उपाय, नीट ऐका. प्रदर्शनाच्या चार्टवर नाव कुठल्या भाषेत वर लिहायचं, यावर पालकांची मीटिंग बोलवा. एकजण म्हणाला, कन्नड वर आणि मोठं पाहिजे, ६० टक्क्यांचा नियम आहे. अहो, तो दुकानांच्या पाट्यांना आहे, कार्डशीटला नाही! तेवढ्यात आमच्यातले एक काका उठले आणि सीमाप्रश्नावर १९५६ पासून सुरू झाले. महाजन अहवाल, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, एक नोव्हेंबरचा काळा दिवस, सगळं झालं. मला त्यातला शब्द न् शब्द पटतो, माझे आजोबा त्याच्यात लाठ्या खाल्लेले. पण काका, समोर साडेतीन फुटाचं टेबल होतं आणि त्यावर एक वाटी होती! मग एकीची आई म्हणाली नीर आधी का, दुसरीचे मामा म्हणाले मग ‘आलंनीर’ करा, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग चालू केलं, आणि मुख्याध्यापकांनी तोडगा काढला की दोन टेबलं, दोन चार्ट, दोन यंत्रं. यंत्र एकच होतं. तिकडचीच्या टेबलावर ज्वालामुखी ठेवला, सोडा आणि व्हिनेगरचा. जी पोरगी आठ ठिकाणी सोल्डर मारते, तिला तुम्ही पुठ्ठ्याचा डोंगर देऊन उभी केलीत. आमचीला बझरजवळ उभी केली. परीक्षकांनी विचारलं, पेन्सिलीचं शिस कशाला? ती म्हणाली, ‘तिला विचारा.’ परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

त्या मीटिंगमध्ये मीही होतो. नाव मराठीत वर पाहिजे म्हणून हात वर केलेल्यांत तिसरा हात माझा.

आता उपाय संपले, सरळच बोलतो. लाज वाटत नाही काय रे आपल्याला? राकसकोप जलाशयाचं पाणी आणि हिडकल धरणाचं पाणी एकाच पाइपात येतं, ते आपल्याला चालतं. दवाखान्यात, बसमध्ये, लग्नाच्या आचाऱ्यापाशी आपण सगळे झकास कन्नड बोलतो, ते तिकडचेही झकास मराठी बोलतात. आणि दोन पोरींनी अर्धा अर्धा शब्द जोडला तर आपल्या पोटात दुखतं. पोरींनी केलं होतं आयांच्या झोपेसाठी. तुम्हाला आणि मला त्यात सीमा दिसली, सरांना दहा हजार दिसले.

परवा मी घरी म्हटलं, परत बनवा की गं. ती वहीतनं मान वर न काढता म्हणाली, ‘नको. येऊ दे पाणी येईल तवा.’

‘नीरालं’ शाळेच्या कपाटात आहे, कुलपात, बॅटरीसकट. बुधवारी पहाटे अडीचला नळ आला म्हणे आमच्या गल्लीत. कुणीच उठलं नाही, पिंपं कोरडी. बसा आता रात्रभर नळाला कान लावून, तुम्हीही आणि मीही.